शाळा अर्धीही ठेवता येते

प्रश्न थोडक्यात असा: सिअॅटलजवळच्या एका उपनगरातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा सातवीत, मिडल स्कूलचं दुसरं वर्ष. स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने, शाळांच्या हद्दी बदलल्या आणि त्याचे लहानपणापासूनचे दोघे मित्र दुसऱ्या शाळेत गेले. सप्टेंबरपासून रविवारी रात्री त्याचं पोट दुखायला लागतं, सोमवारी सकाळी कधी कधी उलटी होते. डॉक्टरांना काही सापडलं नाही. 'दुसरीत होतो तसं मला ऑनलाइन शाळेत घाल' असा त्याचा हट्ट आहे. आई आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जाते, दोन दिवस घरून काम करते. सासूबाई ऑक्टोबरात नागपूरहून आल्या आहेत आणि 'मी बघते त्याच्याकडे' म्हणतात. नवऱ्याचं म्हणणं, एकदा घरी बसवला की तो घरीच बसेल. डिस्ट्रिक्टच्या माहितीत ऑनलाइन, हायब्रिड, पेरेंट पार्टनरशिप, होमस्कूल अशी नावं आहेत, पण त्यांतला फरक कळत नाही. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, 'एक दिवसाआड बँड असतो, त्या दिवशी मात्र तो फार कुरकुर न करता जातो. क्लॅरिनेट वाजवतो.' नव्या सेमिस्टरपासून त्याला ऑनलाइन घालावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

माझी नजर तुमच्या त्या शेवटच्या वाक्यावर अडली. बँडच्या दिवशी तो जातो. शाळा तीच, बस तीच, मुलंही तीच. म्हणजे सगळी शाळाच त्याला नकोशी झालेली नाही. शाळेतलं काहीतरी नकोसं झालंय, आणि ते काय आहे हे अजून तुम्हाला माहीत नाही. कदाचित त्यालाही ते नीट सांगता येत नसेल. बारा वर्षांच्या मुलाला 'काय झालं?' विचारलं की 'काही नाही' हेच उत्तर मिळतं. म्हणून ऑनलाइन घालावं का, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न घेऊ: दिवसातला नेमका कोणता तास त्याला सोसत नाही?

हे शोधायला एक साधी गोष्ट करा. शनिवारी सकाळी, पोट दुखत नसेल तेव्हा, त्याच्या वेळापत्रकाचा कागद टेबलावर ठेवा आणि तीन रंगांच्या पेन्सिली द्या. जो तास बरा जातो तो हिरवा, जो कसाबसा जातो तो पिवळा, जो नकोच वाटतो तो लाल. तास म्हणजे फक्त विषय नाहीत. बसमधली वीस मिनिटं, दोन तासांमधला कॉरिडॉर, जेवणाची सुट्टी, पीईच्या आधी कपडे बदलायची लॉकर रूम, हे सगळं त्या कागदावर लिहून घ्या. त्याला रंगवू द्या. मध्ये बोलू नका, 'पण गणित तर तुला आवडतं ना' असंही म्हणू नका. माझा अंदाज आहे की लाल रंग गणितावर किंवा इंग्रजीवर फार पडणार नाही, जेवणाच्या टेबलावर पडेल. अंदाज चुकला तरी हरकत नाही. तुमच्या हातात काहीतरी नेमकं येईल आणि ते घेऊन शाळेशी बोलता येईल.

आपल्यापैकी जे महाराष्ट्रात शिकले त्यांना इथल्या मिडल स्कूलमधला एकटेपणा पटकन लक्षात येत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. आपण सातवी 'ब' मध्ये असलो की वर्षभर सातवी 'ब' मध्येच असायचो. बाक ठरलेला, शेजारी ठरलेला, डबा कोणाबरोबर खायचा तेही ठरलेलं. शिक्षक बदलायचे, वर्ग बदलत नसे. इथे दर तासाला मुलं खोली बदलतात आणि दर तासाला शेजारी कोण बसणार हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जेवणाच्या सुट्टीत ट्रे हातात घेऊन शे-दीडशे मुलांसमोर उभं राहायचं आणि कुठल्या टेबलावर जागा मिळेल ते बघायचं. दोन्ही मित्र गेल्यावर तुमचा मुलगा हे रोज करतो आहे. बँडमध्ये हा प्रश्नच येत नाही. क्लॅरिनेटवाल्यांची रांग ठरलेली, त्याची खुर्ची ठरलेली, समोर वाजवायला काहीतरी ठेवलेलं. त्याला तिथे बरं का वाटतं हे यावरून समजावं.

हे सगळं एकटेपणापुरतंच असेल तर एक वाट आहे. कोणी त्रास देत असेल तर वाट वेगळी, आणि तिथे भिडस्तपणा करू नका. तुमच्या वॉशिंग्टन राज्यात प्रत्येक डिस्ट्रिक्टला छळ, धाकदपटशा आणि दादागिरी याविषयीचं धोरण ठेवावं लागतं आणि तक्रारींसाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा लागतो. तक्रार लेखी करा. काउन्सेलरशी फोनवर झालेलं बोलणं कितीही आपुलकीचं असलं तरी त्याची नोंद राहील याची खात्री नसते. आणि हा प्रश्न न सोडवता मुलाला घरी आणलंत, तर शाळा सोडावी लागली ती आपल्याला, असा अर्थ तो काढेल.

उलटीपर्यंत गेलेली भीती हीसुद्धा गंभीर गोष्ट आहे. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही याचा अर्थ मुलगा सोंग करतो असा होत नाही. बालरोगतज्ज्ञांना चिंतेविषयी स्पष्ट विचारा आणि शाळेकडे '५०४ प्लॅन'साठी, म्हणजे मुलाला शाळेत लागणाऱ्या सोयींच्या आराखड्यासाठी, लेखी विनंती करा. हा १९७३ च्या केंद्रीय कायद्याचा भाग आहे आणि त्यासाठी मूल अभ्यासात मागे असायला हवं अशी अट नाही. जेवणाच्या सुट्टीत बँडच्या खोलीत किंवा वाचनालयात बसायची परवानगी, सोमवारी सकाळी थेट वर्गात न जाता दहा मिनिटं काउन्सेलरकडे, लॉकर रूमऐवजी वेगळ्या ठिकाणी कपडे बदलण्याची सोय, अशा लहान गोष्टी त्यात लिहून घेता येतात. ५०४ पेक्षा वेगळं, विशेष शिक्षणासाठीचं मूल्यमापन मागितलंत तर ते करायचं की नाही हे डिस्ट्रिक्टला २५ शालेय दिवसांत ठरवावं लागतं, आणि तुमची संमती मिळाल्यावर ३५ शालेय दिवसांत मूल्यमापन पूर्ण करावं लागतं. म्हणून विनंतीवर तारीख घाला आणि प्रत जपून ठेवा.

या काळात तो काही दिवस घरी राहिला तर 'बरं नाही' एवढंच कळवू नका. २०२२ पासून या राज्यात मानसिक आरोग्याच्या कारणाने झालेली गैरहजेरीही सकारण धरली जाते. कारण न देता दांड्या साठत गेल्या तर १९९५ च्या 'बेका' कायद्याखाली प्रकरण बालन्यायालयापर्यंत जाऊ शकतं. ही वेळ तुमच्यावर येईल असं मुळीच नाही, पण 'निर्णय होईपर्यंत राहू दे घरी' असं बरेच पालक करतात, म्हणून सांगितलं.

आता त्या नावांचा गुंता. ऑनलाइन, हायब्रिड, पार्टनरशिप या सगळ्यांच्या वर एक छत्री आहे, तिला इथे 'ऑल्टर्नेटिव्ह लर्निंग एक्सपीरियन्स' म्हणतात, थोडक्यात एएलई. एएलईमध्ये मूल सरकारी शाळेतलंच राहतं. अभ्यासाची जबाबदारी प्रमाणपत्रधारक शिक्षकाची असते, मुलासाठी लेखी अभ्यास आराखडा बनतो, शिक्षकाने दर आठवड्याला मुलाशी संपर्क ठेवायचा आणि दर महिन्याला प्रगती तपासायची असा नियम आहे. प्रगती पुरेशी नसेल तर सुधारणेची योजना करावी लागते. होमस्कूलिंगमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे शिक्षक तुम्ही, जबाबदारी तुमची, आणि कायद्याच्या दृष्टीने मूल सरकारी शाळेचं विद्यार्थी राहत नाही. नावं कितीही असोत, कोणत्याही कार्यक्रमाविषयी पहिला प्रश्न हाच विचारा: इथे माझा मुलगा तुमचा विद्यार्थी असेल की माझा?

ऑनलाइन शाळेतही दोन प्रकार पडतात. एक तुमच्याच डिस्ट्रिक्टची. दुसरी, राज्यातल्या कुठल्यातरी लांबच्या डिस्ट्रिक्टच्या नावावर चालणारी आणि राज्यभरातून मुलं घेणारी. तीही सरकारी आणि मोफतच, पण तिच्यात जायला आपल्या डिस्ट्रिक्टकडून बदली मंजूर करून घ्यावी लागते आणि कागदोपत्री मूल त्या लांबच्या गावचं विद्यार्थी होतं. मग शेजारच्या शाळेतल्या बँडचं काय, हा प्रश्न अवघड होऊन बसतो. तुमच्या मुलासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

पेरेंट पार्टनरशिप हा त्यातल्या त्यात खरा हायब्रिड. सिअॅटल डिस्ट्रिक्टचा कॅस्केड कार्यक्रम या धर्तीचा आहे आणि शहराच्या पूर्वेकडच्या डिस्ट्रिक्टमध्येही असे कार्यक्रम चालतात. मुलं काही वर्गांना इमारतीत जातात, बाकीचं घरी शिकतात, आराखडा शिक्षक आणि पालक मिळून करतात. वर्ग लहान, वातावरण सैल. अशा शाळेतले मराठी पालक भेटले की ते मनापासून कौतुक करतात आणि पाठोपाठ सांगतात की घरातल्या एका माणसाला दिवसाचे चार-पाच तास मोकळे हवेत. तुमच्या घरात ते माणूस कोण?

इथे सासूबाईंचा विचार करू. त्यांचं प्रेम आणि तयारी दोन्ही मोठं आहे. पण पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या आजीला साधारण सहा महिने राहता येतं. ऑक्टोबरात आल्या म्हणजे एप्रिलच्या आसपास परत जातील आणि शाळा जूनपर्यंत असते. शिवाय 'बघणं' म्हणजे काय, तेही डोळ्यांसमोर आणा. सव्वानऊला त्याने लॅपटॉप उघडला. कॅमेरा बंद आहे. एका टॅबमध्ये सामाजिक शास्त्राचा धडा आहे, दुसऱ्यात गेम. आजी दारातून डोकावतात, नातू मान खाली घालून पडद्याकडे बघतोय, त्यांना समाधान वाटतं. त्या दूध आणून ठेवतात, मागच्या पावली निघून जातात. दुपारी दीडला तो अजून त्याच खोलीत, त्याच कपड्यांत असतो. यात दोघांचीही चूक नाही. आजींना त्या पडद्यावर काय चाललंय ते कळायला मार्ग नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाला स्वतःला शिस्त लावता येत नाही. इथे पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे आठवड्याला २७ तास ४५ मिनिटं असं राज्याचं माप आहे. ऑनलाइन गेलात तरी आराखड्यात तेवढे तास धरावे लागतात आणि ते कोणीतरी भरून काढायचे असतात.

मुलाला दुसरीतलं ऑनलाइन आठवतं, तेही तपासून बघण्यासारखं आहे. ते २०२०-२१ होतं. त्याआधी मार्च २०२० मध्ये तुमच्याच भागातल्या नॉर्थशोअर डिस्ट्रिक्टने देशात जवळपास सगळ्यांच्या आधी शाळा बंद करून ऑनलाइन वर्ग सुरू केले आणि सगळ्या मुलांपर्यंत ते सारखे पोचत नाहीत म्हणून थोड्याच दिवसांत थांबवले. पुढे सावरलं, पण तो काळ आणीबाणीचाच होता. तेव्हा घरात आई-बाबा दोघं दिवसभर होते, वर्गातली सगळी मुलं पडद्यावर होती, मित्रही घरीच होते आणि कोणी एकटं मागे पडलेलं नव्हतं. तो ज्या दिवसांची आठवण काढतो आहे ते दिवस ऑनलाइन शाळेत घातल्याने परत येणार नाहीत. आज तो लॉग इन करेल तेव्हा बहुतेक दिवस घरात आजीशिवाय कोणी नसेल. हे त्याला रागावून नाही, शांतपणे सांगा. मुलांना खरं सांगितलेलं कळतं.

मग उरतं काय? तुमच्या पत्रात नसलेला एक मार्ग, आणि मला तोच पुढे ठेवावासा वाटतो. वॉशिंग्टनमध्ये होमस्कूल करणाऱ्या मुलाला आपल्या भागातल्या सरकारी शाळेत अर्धवेळ नाव घालण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. म्हणजे बँडसाठी आणि कदाचित विज्ञानासाठी तो शाळेत जाईल, आणि लाल रंगाचे तास घरी आणता येतील. हे होमस्कूलिंग असल्याने काही अटी आहेत. आठ वर्षांपुढच्या मुलासाठी दरवर्षी 'डिक्लरेशन ऑफ इंटेंट' हे पत्र डिस्ट्रिक्टला द्यायचं असतं, १५ सप्टेंबरपर्यंत किंवा पुढचं सत्र सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत. पालकाची पात्रता लागते, आणि कॉलेजचे ४५ क्वार्टर क्रेडिट, म्हणजे साधारण वर्षभराचा अभ्यास, असले तर ती पूर्ण होते. तुमची भारतातली पदवी असेल तर ती कशी धरतात ते डिस्ट्रिक्टकडून लेखी विचारून घ्या. वाचन, लेखन, गणित, विज्ञान, इतिहास, आरोग्य धरून ११ विषय शिकवायचे आणि वर्षातून एकदा परीक्षा किंवा प्रमाणपत्रधारक शिक्षकाकडून मूल्यमापन करून घ्यायचं. परत पूर्ण शाळेत आणताना कुठल्या इयत्तेत, कुठल्या गणितात बसवायचं हे शाळा ठरवते. सातवीत ही जोखीम पेलण्यासारखी आहे. नववीपासून हायस्कूल पूर्ण करायला २४ क्रेडिट लागतात, तेव्हा असा प्रयोग फार हिशेबाने करावा लागेल. हायस्कूलची मुलं असलेल्या वाचकांनी इथे थांबून आधी आपल्या काउन्सेलरशी बोलावं. अकरावी-बारावीसाठी 'रनिंग स्टार्ट' ही वेगळी सोय आहे, त्यात मुलं ट्यूशन फी न भरता कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकतात. शाळेत न रमलेल्या थोड्या मोठ्या मुलांना तिचा फार आधार वाटतो.

याहूनही हलका मार्ग आधी विचारून बघा. काही डिस्ट्रिक्टमध्ये मुलाचं नाव आपल्याच शाळेत राहतं आणि एक-दोन विषय तो डिस्ट्रिक्टच्या ऑनलाइन कार्यक्रमातून घेतो. तसं झालं तर होमस्कूलचे कागद नकोत, बँड जात नाही, तो जेवणाच्या आधी घरी येऊ शकतो किंवा जेवणानंतर शाळेत जाऊ शकतो. तुमचे घरून कामाचे दोन दिवस आणि सासूबाईंची सोबत एवढ्यावर हे निभेल. दिवसाचे सहा तास त्यांनी त्याला सांभाळणं अवघड, पण दीड-दोन तास सहज जमेल. त्या वेळेत त्यांनी अभ्यास घ्यायचाच नाही. त्याच्याबरोबर जेवायचं, एवढंच काम त्यांना द्या. त्याला आज सगळ्यात जास्त उणीव आहे ती बरोबर बसून जेवणाऱ्या माणसाची.

तुमच्या यजमानांची भीती मला समजते आणि ती उडवून लावू नका. आपल्याकडे 'त्याने १७ नंबरचा फॉर्म भरला' म्हटलं की शाळेतून काढला किंवा नापास झाला असाच अर्थ घेतला जायचा. बाहेरून परीक्षा देणं ही नाइलाजाची गोष्ट होती. इथे तसं नाही, इथे अर्धवेळ शाळा ही नियमात बसलेली, रोजची सोय आहे. पण एकदा घरी आणलं की परत पाठवणं जड जातं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. शाळेपासून जितके दिवस दूर, तितकी शाळा मोठी आणि भीतीदायक होत जाते, चिंतेने ग्रासलेल्या मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. म्हणूनच पूर्ण ऑनलाइन हा मला तुमच्यासाठी शेवटचा पर्याय वाटतो. दोघांनी मिळून मुदत ठरवा: दुसरं सेमिस्टर अर्धवेळ, स्प्रिंग ब्रेकनंतर तिघांनी एकत्र बसून बघायचं. बघायचं काय तेही आत्ताच लिहून ठेवा. सोमवारी उलटी होते का, रात्री झोप लागते का, आठवड्यातून एकदा तरी कोणा मुलाला भेटला का. मार्क त्या यादीत घालू नका. यजमानांना हे पटेल असं मला वाटतं, कारण त्यांची काळजी त्यात धरलेली आहे.

मित्रांचं मात्र शाळेवर सोडू नका. ते दोघे दुसऱ्या शाळेत गेले, गाव सोडून गेले नाहीत. त्यांच्या आयांना आजच मेसेज करा आणि दर शुक्रवारची संध्याकाळ पक्की करून टाका, तुमच्या घरी, पिझ्झा आणि जे काय ते खेळतील ते. हद्द बदलून मिळेल का, म्हणजे त्या शाळेत बदली मिळेल का, हेही डिस्ट्रिक्टला विचारा. जागा असतील तर अर्ज करता येतो, बहुतेक ठिकाणी त्याची मुदत पुढच्या वर्षासाठी हिवाळ्यातच असते. आठवीचं वर्ष मित्रांबरोबर गेलं तर या सगळ्या खटाटोपाची गरजही उरणार नाही.

आणि वाचकांपैकी ज्यांची मुलं मजेत शाळेत जातात त्यांच्यासाठी एक विनंती. हद्दी बदलल्या की प्रत्येक शाळेत अशी दोन-चार मुलं ट्रे घेऊन उभी राहिलेली असतात. तुमच्या मुलाला आज रात्री विचारा, त्यांच्या टेबलावर जागा आहे का.

तुम्ही करायच्या गोष्टींचा क्रम असा ठेवा: या शनिवारी रंगांचा कागद. सोमवारी काउन्सेलरला ईमेल, त्यात भेटीची वेळ, ५०४ ची लेखी विनंती आणि 'माझ्या मुलाला बँड आणि विज्ञान शाळेत ठेवून बाकी विषय ऑनलाइन किंवा घरी करता येतील का' हा एकच थेट प्रश्न. दुसरं सेमिस्टर जानेवारीच्या अखेरीस नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला लागतं, म्हणजे हिवाळ्याच्या सुट्टीआधी उत्तर मिळायला हवं. भेटीला यजमानांनाही न्या, आणि शेवटची पंधरा मिनिटं मुलाला आत बोलवा. त्याने काय रंगवलंय ते त्याच्याच हातून त्यांना दाखवू द्या.